एक खेप, चार नावं: टॉल फेस्क्यूच्या बियाण्यातल्या बुरशीचं प्रकरण

प्रकरण बियाण्याच्या आयातीचं आहे. आयातदाराचं ऑफिस मशीद बंदरला, गोदाम भिवंडीला. खरेदीदार हिमाचलातला, दुभत्या गाई आणि पैदाशीच्या घोड्या पाळणारा. मागवलेलं बी टॉल फेस्क्यू या थंड हवेतल्या चाऱ्याच्या गवताचं. व्यवहारातली माणसं आणि तपासणीचे आकडे शिकवण्याच्या सोयीसाठी रचलेले आहेत. बुरशीची नावं, त्यांची वर्षं आणि तपासणीत नेमकं काय बिघडतं, हे मात्र खरं.

वाद पेटला तो कागदांवरून. खरेदी करारात अट होती: एपिक्लोई सीनोफियाला ही बुरशी ५ टक्क्यांपेक्षा जास्त बियांत नसावी. पोत्यांवरच्या टॅगवर छापलं होतं, ‘निओटायफोडियम एंडोफाइटयुक्त’ (एंडोफाइट म्हणजे रोपाच्या आत राहणारी बुरशी). विक्रेत्याने जोडलेल्या जुन्या अहवालात ‘अ‍ॅक्रेमोनियम सीनोफियालम, पॉझिटिव्ह’ अशी नोंद होती. आणि सगळ्यात वर लावलेल्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, ‘एपिक्लोई टायफिना आढळली नाही’.

आयातदाराच्या माणसाने वरवर पाहता तर्कशुद्ध वाटेल असाच अर्थ लावला. करारात एपिक्लोई नको म्हटलंय, प्रमाणपत्र सांगतंय एपिक्लोई नाही. बाकीच्या दोन बुरश्या कराराच्या बाहेरच्या. खरेदीदाराच्या पशुवैद्याने टॅग वाचला आणि माल परत घ्या म्हणून फोन केला. कागदावरचं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी निष्कर्ष साफ चुकला होता.

पशुवैद्याला भीती कशाची होती ते आधी पाहू. ही बुरशी गवताच्या पेशींच्या मधल्या जागेत राहते. पानावर डाग नाही, कणसावर पावडर नाही, वाढ खुंटलेली नाही. उलट कीड आणि दुष्काळ सोसायला गवताला तिची मदतच होते. पण ती अर्गोव्हॅलिन हे विषारी अल्कलॉइड बनवते. त्याने जनावराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक घटतं. उन्हाळ्यात गाई धापा टाकतात, सावली सोडत नाहीत, दूध कमी होतं. कडाक्याच्या थंडीत शेपटीचं टोक आणि खूर यांचा रक्तपुरवठा तुटून तो भाग सडतो. गाभण घोडीचं प्रकरण तर याहून वाईट: दिवस उलटून जातात, वार जाड होते, व्याल्यावर कासेला दूध येत नाही. हिमाचलातल्या डोंगरावर गाई, घोड्या आणि थंडी तिन्ही एकत्र असल्यामुळे पशुवैद्याचा सूर चढला होता तो उगाच नाही.

नावांची उतरंड

चारपैकी तीन नावं एकाच बुरशीची आहेत. चौथं वेगळ्या बुरशीचं आहे, आणि ते या कागदपत्रांत शिरलं ते एका जुन्या चुकीच्या ओळखीमुळे. हा फरक पकडला की बाकी गुंता सुटतो.

एपिक्लोई टायफिना हे नाव पार पर्सूनच्या १७९८ च्या ‘स्फेरिया टायफिना’पर्यंत जातं, एपिक्लोई हा वंश तुलान बंधूंनी १८६५ मध्ये उभा केला. ही बुरशी युरोपातल्या गवतांच्या फुलोऱ्याभोवती पांढरं, मग पिवळं-नारिंगी आवरण करते आणि फुलोरा बाहेरच पडू देत नाही. तिला लैंगिक अवस्था आहे आणि ती डोळ्यांना दिसते.

१९७७ मध्ये अमेरिकेत बेकन आणि सहकाऱ्यांनी विषारी फेस्क्यूच्या आत बुरशी दाखवली, तेव्हा तिला याच नावाखाली टाकलं गेलं. त्या वेळच्या माहितीत ते बसत होतं, पण फेस्क्यूतल्या बुरशीला फुलोऱ्यावरचं आवरण कधी येतच नव्हतं. १९८२ मध्ये मॉर्गन-जोन्स आणि गाम्स यांनी ती स्वतंत्र जाती म्हणून वर्णिली: अ‍ॅक्रेमोनियम सीनोफियालम. अ‍ॅक्रेमोनियम हा तेव्हा अलैंगिक बुरश्यांचा एक मोठा, सैल वंश होता. निमुळत्या देठावर एकेक बीजाणू धरणारं जे काही सापडेल ते त्यात जाई. डीएनएचा पुरावा आल्यावर कळलं की या वंशात एकमेकांशी नातं नसलेल्या बुरश्या एकत्र कोंबल्या आहेत. मग १९९६ मध्ये ग्लेन आणि सहकाऱ्यांनी गवताच्या आतल्या, एपिक्लोईशी नातं असलेल्या अलैंगिक जाती बाहेर काढून त्यांच्यासाठी निओटायफोडियम हा वंश केला.

तरीही एक विचित्र गोष्ट उरलीच. नातं एपिक्लोईशी, पण नाव वेगळं, कारण तेव्हाच्या नियमांत बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावं देण्याची मुभा होती. महाराष्ट्रातल्या कृषी महाविद्यालयांत शिकलेल्यांना याचं उदाहरण घरचंच आहे. ज्वारीवरच्या चिकटा रोगाची बुरशी १९१७ पासून स्फासेलिया सॉर्घाय या अलैंगिक नावाने ओळखली जाई, आणि १९७६ मध्ये लैंगिक अवस्थेवरून तिला क्लॅव्हिसेप्स सॉर्घाय म्हटलं गेलं. रोग एकच, बुरशी एकच, पाठ्यपुस्तकात नावं दोन.

२०११ च्या मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ही मुभा संपली. एका बुरशीला एकच नाव. दोन वंशनावांत एपिक्लोई १८६५ चं, निओटायफोडियम १९९६ चं, अग्रक्रम जुन्याला. २०१४ मध्ये लॉइख्टमान, बेकन, शार्डल, व्हाइट आणि टॅडिच यांनी निओटायफोडियममधल्या जाती एपिक्लोईत हलवल्या, आणि आपली बुरशी झाली एपिक्लोई सीनोफियाला. सगळ्या मात्र हलल्या नाहीत. निओटायफोडियम स्टारिआय हे नाव संदिग्ध ठरलं आणि निओटायफोडियम चिलेन्स ही या कुळक्रमातलीच नव्हे असं दिसलं. म्हणून जुन्या यादीत ‘शोधा आणि बदला’ करून निओटायफोडियमच्या जागी सरसकट एपिक्लोई टाकणं चूक. बारमाही रायग्रासच्या बुरशीला तर दर्जाच बदलावा लागला: निओटायफोडियम लोलिआय आता एपिक्लोई फेस्टुकी या जातीचा लोलिआय हा प्रकार आहे, कारण ती संकर नाही आणि फेस्टुकीच्या अगदी जवळची आहे. म्हणजे ‘एपिक्लोई लोलिआय’ असं स्वतःच जुळवून लिहिणारा कारकून फसतो.

शेवटच्या शब्दाचं रूपही पाहावं. अ‍ॅक्रेमोनियम आणि निओटायफोडियम नपुंसकलिंगी, म्हणून सीनोफियालम. एपिक्लोई स्त्रीलिंगी, म्हणून सीनोफियाला. ‘एपिक्लोई सीनोफियालम’ दिसलं की कुणीतरी फक्त पहिला शब्द बदललाय, हे लगेच ओळखावं. रोमन लिपीत एपिक्लोईच्या शेवटच्या अक्षरावर दोन टिंबं असतात. काही डेटाबेस ती मानतात, काही नाहीत, तेव्हा शोध दोन्ही तऱ्हांनी घ्यावा.

कागद हातात आल्यावर पद्धत अशी. वंशाच्या नावाकडे दुर्लक्ष करून जातीचा शब्द आणि मूळ वर्णन शोधायचं. मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरम या बुरशींच्या नावांच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नावाखाली मूळ नावाची नोंद असते. सीनोफियालम आणि सीनोफियाला, तिन्ही वंशांतली, १९८२ च्या त्याच वर्णनाकडे आणि त्याच मूळ नमुन्याकडे (नाव ज्याला बांधलेलं असतं त्या जपलेल्या नमुन्याकडे) जातात. म्हणून ती एकाच बुरशीची नावं, त्यात मतभेदाला जागा नाही. टायफिना १७९८ च्या वेगळ्या नमुन्याकडे जाते. ती समानार्थी नाव नाही. १९७७ ते १९८२ दरम्यानच्या लेखांत फेस्क्यूसाठी वापरली गेली ती चुकीची ओळख म्हणून. डेटाबेसमधलं ‘सध्याचं नाव’ हे रकान्यात भरलेलं संपादकाचं मत असतं. मूळ नमुना हा मताचा विषय नसतो.

यावरून प्रमाणपत्राचा अर्थ स्पष्ट होतो. टायफिना आढळली नाही, हे बरोबर आहे. टॉल फेस्क्यूच्या बियाण्यात ती शोधायलाच कोणी जात नाही. टॅग आणि जुना अहवाल दोघंही सांगत होते की करारात नको म्हटलेली बुरशी पोत्यात आहे.

गवताच्या नावानेही घोळात भर घातली. टॉल फेस्क्यू फेस्टुका अरुंडिनेसिया (१७७१) आहे, शेडोनोरस अरुंडिनेसियस आहे आणि १९९३ पासून लोलियम अरुंडिनेसियमही आहे. इथे बुरशीसारखा निकाल लागलेला नाही, वनस्पतिशास्त्रज्ञ वेगवेगळी नावं वापरतात. आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र यांच्यावर शास्त्रीय नाव लिहावं लागतं. कुठलंही एक घ्या, पण दोन्हीकडे तेच हवं, आणि दुसरं नाव कंसात.

पोत्यात किती, आणि जिवंत किती

नावाचा प्रश्न मिटला तरी टक्केवारी बाकी होती, कारण करार ५ टक्क्यांचा. आधी बी रंगवून पाहतात. सगळ्या पोत्यांतून नमुना घेऊन मिसळून, १०० बिया ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर, साधारण १६ तास. मग वाहत्या पाण्यात नीट धुवायच्या, टरफलं काढायची, दाणा काचपट्टीवर अ‍ॅनिलिन ब्लूच्या थेंबात दाबून चपटा करायचा आणि १०० ते ४०० पट मोठा करून बघायचा. अल्युरोन थराच्या (दाण्याच्या सालीखालच्या थराच्या) पेशींमधून नागमोडी, फारशी न फुटलेली निळी सुतं दिसली तर ती एपिक्लोई. टरफलावर वाढणाऱ्या बुरशीची सुतं फांद्या फुटलेली आणि पेशींवरून आडवीतिडवी जाणारी असतात. टरफल काढण्याचा कंटाळा केला की चुकीचे पॉझिटिव्ह वाढतात. मुंबईत आणखी एक अडचण येते: एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान ३३-३४ अंश असलं की १६ तासांत दाण्याचा लगदा होतो आणि अल्युरोन सापडेनासा होतो. भिजवण २० ते २५ अंशाला, एसी खोलीत करावी.

या खेपेत १०० पैकी ७८ बिया पॉझिटिव्ह निघाल्या. १०० बियांवरून खरा आकडा ७० ते ८६ च्या दरम्यान कुठेतरी, एवढंच म्हणता येतं. ५ टक्क्यांच्या अटीसाठी इतकं पुष्कळ झालं. उलट परिस्थितीत सावध राहावं: १०० पैकी शून्य निघाल्या तरी खेपेत ३ टक्क्यांपर्यंत असू शकतात. ‘१ टक्क्याच्या आत’ अशी अट असेल तर निदान ३०० बिया, आणि त्यातली एकही पॉझिटिव्ह नसावी.

आता आयातदाराने दुसरा मुद्दा काढला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. माल पावसाळ्याचे चार महिने भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामात पडून होता. ही बुरशी बियाण्यापेक्षा आधी मरते. गरम आणि दमट साठवणीत वर्ष-दीड वर्षात तिचा जोर बराच ओसरतो, बी मात्र अजून उगवत असतं. मेलेली सुतंही निळी होतात. पीसीआरलाही (डीएनएचा तुकडा वाढवून ओळखण्याच्या चाचणीलाही) मेलेल्या बुरशीचा डीएनए चालतो. म्हणजे ७८ हा आकडा बी तयार होतानाचा इतिहास सांगतो, शेतात काय उगवेल ते नाही.

त्यासाठी रोपं करावी लागतात. ट्रेमध्ये बी पेरून २० ते २५ अंशाला, मुंबईत म्हणजे ग्रोथ चेंबरमध्येच, ६ ते ८ आठवडे. मग बाहेरच्या पानाचा आवरणाचा भाग घ्यायचा. पातं नको, कारण पात्यात ही सुतं विरळ असतात आणि निगेटिव्ह खोटा येतो. आतल्या बाजूची पातळ साल सोलून ५ टक्के इथेनॉलमध्ये केलेल्या अर्धा टक्का रोझ बंगालच्या थेंबात ठेवायची. मिनिटभराने पेशींच्या मधून पानाच्या लांबीला समांतर जाणारी सुतं दिसतात. या खेपेच्या १०० रोपांपैकी ३१ पॉझिटिव्ह होती. भिवंडीच्या दमटपणाने अर्ध्याहून अधिक बुरशी मारली होती, तरी अट मोडलेलीच. आणखी वर्षभर पडू दिलं तर? बुरशी कदाचित संपेल, पण उगवणही इतकी घसरेल की बियाणं म्हणून विकता येणार नाही.

सिक्वेन्सिंगने उभा केलेला नवा गोंधळ

आयातदाराने दरम्यान परस्पर एका खाजगी प्रयोगशाळेत सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचायला, नमुना पाठवला होता. अहवाल आला: ट्युबुलिनच्या जनुकावरून ९९ टक्के जुळणी, एपिक्लोई टायफिना. म्हणजे प्रमाणपत्र म्हणतं टायफिना नाही, प्रयोगशाळा म्हणते टायफिनाच.

कारण या बुरशीच्या कुळीत आहे. एपिक्लोई सीनोफियाला तीन पूर्वजांचा संकर आहे: एक फेस्टुकी, एक टायफिनाच्या गटातली, आणि एक रायग्रासशी जोडलेली वंशरेषा. अलैंगिक बुरशी संकर कशी होते? एकाच रोपात दोन बुरश्यांची सुतं एकमेकांत मिसळून. नावात संकराचं गुणाकार-चिन्ह घातलेलं नाही, साधं दोन शब्दांचं द्विनामच वापरतात, म्हणून नाव वाचून हे कळत नाही. पेशीत मात्र ट्युबुलिनच्या तिन्ही पूर्वजांकडून आलेल्या प्रती असू शकतात. पीसीआरचं उत्पादन थेट सिक्वेन्स केलं की एकमेकांवर चढलेली शिखरं येतात; त्यातली ठळक प्रत वाचून सॉफ्टवेअर सगळ्यात जवळचं नाव देतं. टायफिनाची प्रत ठळक आली तर टायफिना, फेस्टुकीची आली तर फेस्टुकी. दोन्ही उत्तरं अर्धीच. प्रती क्लोन करून वेगळ्या केल्या, किंवा प्रत्येक पूर्वजासाठी वेगळा प्रायमर (ठरावीक प्रतच उचलणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरला, तर तिन्ही दिसतात आणि मग ओळख पक्की होते. आयटीएस या बुरश्या ओळखायला नेहमी वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर इथे भिस्त ठेवू नये. या जाती त्यावर नीट सुट्या होत नाहीत. ट्युबुलिन आणि टेफ-ए या जनुकांची जोडी वापरावी.

संवर्धन करून बघायचं असेल तर धीर हवा. आवरणाचे ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे निर्जंतुक करून बटाटा-डेक्स्ट्रोज अगरवर, स्ट्रेप्टोमायसिन घालून, २२ ते २४ अंशाला. पहिल्या तीन-चार दिवसांत जे हिरवं-काळं उगवतं ते आपलं नव्हे. एपिक्लोई सीनोफियाला कापलेल्या टोकातून पांढऱ्या कापसासारखी बाहेर यायला आठवडे घेते. बशा दुसऱ्या आठवड्यात फेकून ‘वाढ नाही’ लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सहा आठवडे ठेवाव्यात, पॅराफिल्मने बंद करून, नाहीतर एसीच्या कोरड्या हवेत अगर तडकतो.

टॉल फेस्क्यूमध्ये दरवेळी सीनोफियालाच असते असंही गृहीत धरू नये. १९९३ पासून एफएटीजी-२ आणि एफएटीजी-३ असे दोन गट नोंदलेले आहेत, त्यांची पूर्वजांची जोडणी वेगळी आहे आणि २०१४ च्या फेररचनेतही त्यांना द्विनाम मिळालं नाही. फक्त जातीचं नाव घालून केलेल्या करारातून हे दोन्ही निसटतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नावाच्या पलीकडे आहे. एआर-५४२ हा निवडक स्ट्रेन (बुरशीचा वाण) एपिक्लोई सीनोफियालाच आहे, पण तो अर्गोव्हॅलिन बनवत नाही. पेरामाइन आणि लोलिन बनवतो, जी किडीला बाधतात, गाईला नाही. अमेरिकेत तो मॅक्स-क्यू या नावाने मुद्दाम बियाण्यात घालून विकतात. म्हणजे ‘सीनोफियाला नको’ ही अट चांगला मालही नाकारते. खरेदीदाराला हवी असते ती अर्गोव्हॅलिनची मर्यादा.

आपल्याकडच्या गवतांत ही बुरशी आहे का, असा प्रश्न हमखास येतो. एपिक्लोईचं घर म्हणजे थंड हवेतली गवतं. कोकणातल्या आणि बोरिवलीच्या डोंगरावरच्या उष्ण हवेतल्या गवतांशी तिचं जमत नाही. त्याच क्लॅव्हिसिपिटेसी कुळातली उष्ण भागातली नातलग म्हणजे बॅलान्सिया. भातावरचा उदबत्ता रोग तिचाच: लोंबी न फुलता पांढऱ्या बुरशीत गुंडाळून उदबत्तीसारखी ताठ बाहेर येते. १९१४ मध्ये सिडोव्हने तिला एफेलिस ओरायझी म्हटलं, नंतर तिला बॅलान्सियात नेलं गेलं. दोन नावांची तीच गोष्ट इथेही आहे.

खेपेचं काय झालं

चराईसाठी माल नाकारला गेला. शेतात उगवलेल्या गवतातून बुरशीनाशक मारून ही बुरशी काढता येत नाही, म्हणून ‘पेरून मग बघू’ हा पर्याय पशुवैद्याने ऐकूनही घेतला नाही. रस्त्याकडेचे उतार आणि धरणाचे बांध धरून ठेवायला, जिथे जनावर चरत नाही, तिथे हे बी चालतं. थंड प्रदेशातल्या अशा कामासाठी ते कमी दराने गेलं. एंडोफाइट असलेलं गवत उतारावर जास्त टिकतं, त्यामुळे त्या खरेदीदाराला तोटा नव्हता.

पुढच्या करारातलं कलम असं लिहिलं गेलं: ‘गवत: शेडोनोरस अरुंडिनेसियस (फेस्टुका अरुंडिनेसिया). बियाण्यात एपिक्लोई वंशाची कोणतीही बुरशी, निओटायफोडियम किंवा अ‍ॅक्रेमोनियम या जुन्या नावांनी नोंदलेली आणि द्विनाम नसलेले गट धरून, ३०० बियांच्या रंगचाचणीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. अर्गोव्हॅलिन न बनवणारा स्ट्रेन असल्यास त्याचा क्रमांक आणि अल्कलॉइड तपासणीचा अहवाल जोडल्यास ही मर्यादा लागू नाही. पाठवणीपूर्वी ९० दिवसांच्या आतला अहवाल ग्राह्य.’ रोपांची चाचणी कलमात मुद्दाम घेतली नाही: तिला दोन महिने लागतात आणि तोवर गोदामाचं भाडं चढत राहतं.

खेपेतलं थोडं बी आणि त्यातून काढलेलं संवर्धन जपून ठेवण्यात आलं. असं संवर्धन पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहात जमा करता येतं, वाळवलेला नमुना तिथल्याच आजरेकर कवक संग्रहात. जमा करताना लेबलवर आजचं नाव, मूळ नाव, यजमान गवताची दोन्ही नावं आणि ओळख कशावरून केली तेही लिहावं: ‘बी रंगवून’, ‘संवर्धनावरून’, की ‘ट्युबुलिनच्या तिन्ही प्रतींवरून’. शेवटचा रकाना रिकामा असलेलं लेबल पुढच्या फेररचनेत कुठे हलवायचं ते कुणाला ठरवता येत नाही.